वडिलांची नवी सायकल

गेल्या पौषांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. बाजारांतून भाजी घेऊन मी परत आलों आणि अंगणांत सायकलीवरून उतरूं लागलों. उजवा पाय नेहमींप्रमाणें मागून फिरवून खालीं आणावयाचा, तो सीटवरच अडकला. आणि पिशवीसह मी तुळशीवृंदावनाशेजारीं आडवा झालों. हाड मोडलें नाहीं, कोपर तेवढें सोलून निघालें. परंतु त्या रात्रीं पंगतीला माझ्या सायकलीचा खटला चालला.

धाकटे बंधु म्हणाले, "दादा, आतां ही विकून टाका. कोठें जावयाचें असेल तेथें मुलें मोटरसायकलीवर सोडतील." चिरंजीवांनींहि मान डोलविली. सर्वांचें बोलणें मायेचें होतें, हें मी जाणतों. पण मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. पोस्ट, वाचनालय, देऊळ, जुन्या सोबत्यांची बैठक, येथें मनांत येईल तेव्हां उठून जावें, एवढेंच स्वातंत्र्य म्हातारपणीं शिल्लक असतें. दर वेळीं नातवाला "अरे, जरा सोडतोस कां?" असें विचारावें लागलें, म्हणजे माणूस हळूहळू विचारणेंच सोडतो, आणि विचारणें सुटलें कीं जाणेंहि सुटतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईनें मला विचारलें, "मामंजी, सायकल चालवितांना तुम्हांला त्रास होतो, कीं चढतां-उतरतांना?" इतका साधा प्रश्न आदल्या रात्रीं कोणालाहि सुचला नव्हता, मला स्वतःलाहि नाहीं. चालवितांना कांहींच त्रास नव्हता. त्रास होता तो आडव्या दांड्याच्या चोवीस इंची सायकलीवरून पाय टाकण्याचा. म्हणजे वय झालें होतें हें खरें. परंतु सायकल बदलली असतां काम भागणार होतें.

वाचकहो, आपल्या घरांत वडील माणसासाठीं सायकल घ्यावयाची असेल, तर प्रारंभ या प्रश्नापासून करावा. चक्कर येत असेल, डोळ्यांना नीट दिसत नसेल किंवा तोल राहत नसेल, तर आधीं डॉक्टरांना विचारावें आणि ते नको म्हणतील तर हट्ट धरूं नये. परंतु अडचण गुडघ्याची, कमरेची वा मनगटाची असेल, तर तिला पुष्कळदां उपाय असतो.

आम्ही तिघें बीडला गेलों. दुकानांत जाड टायरांची, पुढें स्प्रिंगा लावलेली एक तरुणाईची सायकल चिरंजीवांच्या डोळ्यांत भरली. तिचें हँडल इतकें खालीं कीं माझा सारा भार मनगटांवर आला, आणि समोर पाहण्यासाठीं मान उंच करावी लागली. सूनबाईनें कोपऱ्यांतली दुसरी दाखविली. तिचा दांडा खालीं वांकलेला होता. पाय नुसता पुढून पलीकडे टाकला कीं बसतां येत होतें. मी तत्काळ म्हणालों, "ही तर बायकांची सायकल!"

सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, काठी बायकांची कीं पुरुषांची, असें कोणी विचारतें कां?"

मी निरुत्तर झालों. पुढें विचार केला तेव्हां आठवलें कीं हा वांकलेला दांडा निघाला तो विलायतेंतील स्त्रियांच्या लांब घागऱ्यांसाठीं. त्यांत पुरुषांना मनाई अशी कांहीं नव्हती. हॉलंडांत तर अशा सायकलींवर वृद्ध पुरुषहि राजरोस फिरतात. आमच्याकडचे धोतर नेसणारे लोक मात्र आडव्या दांड्यावरून पाय टाकण्याची कसरत जन्मभर करीत राहिले!

पतंजलींनीं योगशास्त्रांत आसन कसें असावें हें सांगतांना स्थिरता आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या आहेत. सायकलीच्या आसनालाहि तीच कसोटी लावावी. पायडल अगदीं खालीं असतांना त्यावर टांच ठेविली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे चालवितांना गुडघा किंचित् वांकलेला राहतो, हें सीटच्या उंचीचें सर्वसाधारण माप. पण वडील माणसाला थांबतांना दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. म्हणून प्रथम सीट थोडी खालीं ठेवावी आणि धीर आल्यावर बोट-बोट वर घ्यावी. ती कायमची फार खालीं ठेविल्यास गुडघे दुखतात. हँडल सीटपेक्षां उंच असावें, म्हणजे पाठ ताठ राहते. ताठ बसणाराचा भार सीटवर अधिक येतो. त्यामुळें ती रुंद असावी, मात्र उशीसारखी फार मऊ नसावी.

आमचा पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगेंत आहे; मांजरा नदीचा उगम याच तालुक्यांतला. येथें चढ-उतार चुकत नाहींत. म्हणून चार-सहा गियर असलेले बरे. हलक्या गियरमध्यें पाय जास्त वेळां फिरतात, पण गुडघ्यावरचा जोर कमी होतो. ब्रेक दोन बोटांनीं दाबतां येतो कीं नाहीं, तें स्वतः वडिलांनींच दाबून पाहावें. जुन्या सायकलीचें वजन सुमारें २० किलो. ती मागच्या दुहेरी स्टँडवर ओढून उभी करतांनाच कंबर धरते. त्यापेक्षां बाजूचा एकेरी स्टँड सोयीचा. धोतर वा पायजमा अडकूं नये म्हणून चेन-कव्हर हवेंच.

तीनचाकी सायकलीविषयीं कित्येक जण विचारतात. उभी असतां ती पडत नाहीं. परंतु वळणावर तिला कलतां येत नाहीं, म्हणून वेगांत वळविल्यास आंतलें चाक उचललें जातें. विजेच्या सायकलीचा चढावर आधार होतो. २५० वॅटच्या आंतली आणि ताशीं २५ किलोमीटरपेक्षां कमी वेगाची असल्यास परवानाहि लागत नाहीं. मात्र बॅटरीमुळें ती जड होते, हें घेण्यापूर्वीं उचलून पाहावें.

सायकल घरीं आणली म्हणजे काम संपलें, असें समजूं नये. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, तेव्हां रामूअण्णा लोकांना सायकल चालवावयासहि शिकवीत. वडील माणसाला नव्या सायकलीवर पुन्हां विद्यार्थी व्हावें लागतें. मी आठ दिवस शाळेच्या पटांगणावर पहाटे सराव केला. पाय पुढून टाकण्याची संवय लागली, तेव्हां रस्त्यावर आलों. नातू बरोबर असे, पण सूनबाईनें त्याला बजावलें होतें कीं आजोबा हांक मारतील तेव्हांच हात द्यावयाचा.

त्याच १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. मुलाच्या तीनचाकी सायकलीला खडखडाटाचा त्रास होऊं नये, म्हणून त्यानें तो प्रथम केला होता. बापानें मुलाच्या सुखासाठीं केलेल्या त्या खटपटीवर आज सारें जग बसून फिरतें आहे. आतां मुलांनीं वडिलांसाठीं तेवढी खटपट करावी. पण सायकल त्यांना न विचारतां आणूं नये. त्यांना दुकानांत न्यावें, बसवावें, एक फेरी मारूं द्यावी आणि पसंती त्यांच्या तोंडून ऐकावी.

माझी चोवीस इंची अजून पडवींत आहे. ती नातवाच्या वांट्याला गेली. मी मात्र आज सकाळींच वांकलेल्या दांड्याच्या सायकलीवरून पोस्टांत जाऊन हा लेख टाकून आलों. वाटेंत कोणी हंसलें असेल, तर तें माझ्या कानांवर आलें नाहीं.