यंत्राची दक्षता आणि चालकाचा प्रमाद

नवी मोटार घेताना अनेक व्यापारी कुटुंबे आता चालकसाहाय्य प्रणालीची आवर्जून चौकशी करतात. समोर अडथळा येताच स्वतःहून ब्रेक लावणारी, गाडीला तिच्या मार्गिकेत राखणारी ही यंत्रणा निःसंशय उपकारक आहे. परंतु तिच्यावर विसंबण्यापूर्वी तिची परीक्षा कशी होते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

युरोपातील ‘युरो एनकॅप’ ही संस्था चाचणीमार्गावर मोटारीसमोरून माणसाच्या आकाराचे मऊ पुतळे सरकवते. उभ्या गाड्यांच्या आडून धावत येणारे मूल, अंधारातील पादचारी, सायकलस्वार असे प्रसंग ठरावीक वेगाने घडवून गुण दिले जातात. मात्र जो प्रसंग कोणी कल्पिलाच नाही, त्याचे काय?

१८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेंपी शहरात याचे दारुण उत्तर मिळाले. रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी एक महिला ‘उबर’च्या स्वयंचलित चाचणी-मोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडली. सरकारी चौकशीत दिसून आले की, यंत्रणेने तिला ५.६ सेकंद आधीच टिपले होते. ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाला हे अंतर शंभर मीटरांहून अधिक होते. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी अन्य वस्तू समजत राहिली. झेब्रा पट्ट्यांबाहेर रस्ता ओलांडणारा पादचारी तिच्या रचनेत गृहीतच धरलेला नव्हता. मोटारीची मूळ आपत्कालीन ब्रेकची सोय चाचणीसाठी बंद ठेवली होती आणि देखरेखीसाठी बसलेल्या चालक महिलेची नजर मोबाइलवर खिळली होती.

पहाटेच्या अंधुक प्रकाशात महामार्गाच्या कडेने विहार करणारे साधू-साध्वी आणि व्हीलचेअरवरून नेल्या जाणाऱ्या वयोवृद्ध साध्वी हे दृश्य जैन कुटुंबांच्या परिचयाचे आहे. प्रत्येक यंत्र त्यांना वेळीच ओळखेल, याची हमी कोण देणार? भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींत ही प्रणाली केवळ साहाय्यक असते. जबाबदारी चालकाचीच राहते. म्हणून माहितीपुस्तिकेत दिलेल्या तिच्या मर्यादा घरातील प्रत्येकाने वाचाव्यात, पेढीवरील चालकालाही समजावून सांगाव्यात आणि पहाटेच्या प्रवासात वेग आवरता घ्यावा.

जैन विचाराने हिंसेचे मूळ प्रमादात पाहिले आहे. पुढची भूमी निरखून पाऊल टाकणे ही साधूंची ईर्यासमिती होय. सुकाणूवर हात ठेवणाऱ्या श्रावकालाही तिचा अंश पाळता येतो. यंत्राने दक्ष असावे हे खरेच. पण त्याच्या भरवशावर माणसाने बेसावध राहिल्यास घडणाऱ्या हिंसेचा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.