शेळ्या विकण्याआधी वही बघा

मागच्या श्रावणातली गोष्ट. भांगलणीवरून परतताना शेजारच्या वहिनी आमच्या ओसरीवर टेकल्या. खुरपे बाजूला ठेवून म्हणाल्या, "बाई, दोन शेळ्या काढायच्या म्हणतोय. पोरीला तालुक्याला गणिताची शिकवणी लावायची. वर्षाचे बारा हजार सांगितल्यात."

मुलगी नववीत. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ३ गुण. घरधनी बोलून गेले होते, की दहावी निघणार नसेल तर पुस्तकांचा खर्च कशाला, पाहुणे बघायला लागू. पोर अवघी चौदा वर्षांची! वहिनींचा जीव त्या शिकवणीत का अडकला होता, ते मला तेव्हा कळले.

मी म्हटले, "शेळ्या आठ दिवस राहू द्या. पोरीला वह्या घेऊन पाठवा."

मुलगी आली ती मान खाली घालूनच. वही उघडली, तर फळ्यावरचे सगळे नीट उतरवलेले, अक्षर मोत्यासारखे, पण स्वतः सोडवलेले एकही गणित धड नाही. मी वही मिटली आणि विचारले, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

"एक चतुर्थांश."

"का गं?"

"तिनापेक्षा चार मोठे, बाई."

मग मी प्रश्न फिरवला. "तुमचे रान तीन भावांत वाटले तर एकेकाला जास्त येईल, की चार भावांत?"

पोर हसलीच. "तिघांत की!" आणि हसता हसता थबकली.

गाठ तिथे होती, पाचवीतल्या अपूर्णांकांत. चार वर्षे ती तशीच पुढच्या वर्गात ढकलली गेली होती आणि कुणी तिला विचारले नव्हते. तालुक्याच्या त्या वर्गात एका खोलीत पन्नास मुले बसतात. तिथे नववीचेच धडे भराभरा पुढे जाणार. बारा हजार भरून पोरीने आणखी एक वही मोत्यासारख्या अक्षरात उतरवली असती, इतकेच.

मी शिकवणीच्या विरुद्ध नाही. खेड्यापाड्यांतल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात २०२२ साली दिसले, की पहिली ते आठवीच्या दर दहा मुलांत तीन मुले पैसे देऊन शिकवणीला जातात. बिहार-बंगालात तर दहांत सात. त्याच अहवालात पाचवीच्या दर चार मुलांत जेमतेम एकाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. तेव्हा पैसे भरायला हरकत नाही, पण कशाचे भरतो ते कळायला हवे.

त्यासाठी मायबापांना गणित यायला पाहिजे असे नाही. शिकवणाऱ्याला आठ दिवसांनी एवढेच विचारावे, "आमच्या पोराचे नेमके कुठे अडते?" त्याने बोट ठेवून सांगितले, की भागाकारात हातचा चुकतो, किंवा उणे चिन्ह सुटते, तर तो माणूस वही बघतो. "सगळेच कच्चे आहे हो," असे म्हणाला, तर त्याने वही उघडलेलीच नाही. मग त्याच्या वर्गाची पाटी कितीही मोठी असो.

आणि शाळेतल्या गुरुजींना विचारायला लाजू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, पहिली ते आठवीच्या मुलाचे काय कच्चे आहे ते पाहून लागेल तेवढे जादा शिकवणे, हे शिक्षकाचे कामच म्हटले आहे. त्याच कायद्याने शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई आहे.

आमच्या पोरीचे पुढे असे झाले. गल्लीत एक बी.एस्सी. झालेली सूनबाई आहे, ती सहा मुलांना घेऊन बसते. महिन्याला तीनशे रुपये. तिला मी सांगितले, की दोन महिने नववीचे पुस्तक उघडू नकोस. पाढे, भागाकार, अपूर्णांक. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची, तीही थोडी घेतली. बाकीचे गणित रानातच होते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. मग ९९ फूट लांब, ६६ फूट रुंद वाफा किती गुंठ्यांचा? पोरीने आधी मोठा गुणाकार मांडला, मग स्वतःच खोडला. "तीन दुणे सहा!" १५ लिटरचा पंप, लिटरला २ मिली औषध, तर पंपाला किती? हे तर ती आता वडिलांनाच सांगते. आणि घरधनी, खरे सांगायचे तर, ते ऐकून घेतात.

दिवाळीनंतरच्या चाचणीत तिला ८ गुण मिळाले. २० पैकी ८ हे काही पेढे वाटण्यासारखे नाहीत. पण चुकलेली गणिते तिने मला आणून दाखवली आणि कुठे चुकले ते स्वतः सांगितले. पाहुण्यांचा विषय तूर्त निघालेला नाही. शेळ्या दावणीला आहेत, त्यांतली एक परवा व्याली.

तुमच्याकडेही कुणाचे अडत असेल, तर पत्र टाका. त्याच्या वहीतले एक चुकलेले गणित, जसे चुकले तसेच, उतरवून पाठवा. खाडाखोड पुसू नका, मला तीच बघायची आहे.