मेलबर्नमधील दोन मिनिटे

४ डिसेंबर १९५६. मेलबर्नच्या विस्तीर्ण क्रिकेट मैदानावर ऑलिंपिक फुटबॉलचा उपांत्य सामना चालू होता. एका बाजूस युगोस्लाव्हिया आणि दुसऱ्या बाजूस भारत. मध्यंतरापर्यंत एकही गोल झालेला नव्हता. बावन्नाव्या मिनिटास मुंबईच्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाने चेंडू जाळ्यात धाडला आणि भारत आघाडीवर गेला. ही आघाडी टिकली असती, तर अंतिम सामना आणि त्यासोबत एक पदक निश्चित होते. ती अवघी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटास युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली, आणखी तीन मिनिटांत आघाडी घेतली आणि अखेर सामना १–४ असा भारताच्या हातून निसटला. त्या चारांतील शेवटचा गोल तर भारतीय खेळाडूकडूनच स्वतःच्या जाळ्यात गेला होता.

त्या दोन मिनिटांचे मोल जाणण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला होता. आपले बहुतेक खेळाडू त्या वेळी थंडीत, ओल्या मैदानावर अनवाणी खेळले होते. त्या लाजिरवाण्या पराभवानंतरच भारतीय फुटबॉलने बूट घालण्याचे मनावर घेतले. ज्या संघाने दहा गोल चढवले, त्याच संघाविरुद्ध चार वर्षांनी भारत पुढे होता, मग ते दोनच मिनिटे का असेना. ती दोन मिनिटे ज्याने मिळवून दिली, त्याचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९३२ चा. घराणे मूळचे गोव्याचे, पण त्यांचा खेळ घडला तो मुंबईत. त्या काळची मुंबई फुटबॉलसाठी वेडी होती, हे आजच्या पिढीस सांगूनही खरे वाटणार नाही. कूपरेजचे मैदान, पावसाळ्यात रंगणारी हारवुड लीग, १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा आणि कार्यालये सुटताच मैदानाकडे लोटणारी गर्दी, असा तो थाट होता. खेळाडू हौशी असत. कंपन्या त्यांना नोकरी देत, दिवसा ते कामावर जात आणि संध्याकाळी कंपनीच्या संघातून खेळत. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्स अशा संघांकडून खेळले. मुंबईने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला तो १९५४ मध्ये, आणि त्या विजयी संघातही ते होते. धाकटे बंधू डेरेक हेही पुढे भारतीय संघाकडून खेळले.

मेलबर्नला गेलेला संघ घडवला होता हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम या प्रशिक्षकाने. पेशाने शिक्षक असलेला हा माणूस खेळाचा खोल विचार करणारा होता. संघाचे नेतृत्व बंगालच्या समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी यांच्याकडे होते. गोलरक्षक पीटर थंगराज, उजवीकडे पी. के. बॅनर्जी, तसेच तुलसीदास बलराम, किट्टू, केम्पय्या, नूर महंमद अशी ही मंडळी देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेली. आघाडीच्या मध्यभागी रहीम यांनी उभे केले नेव्हिल यांना.

पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती. हंगेरीने माघार घेतल्याने भारत न खेळताच पुढे गेला. १ डिसेंबरला उपांत्यपूर्व सामना होता यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटास नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिल यांचा दुसरा गोल, त्यालाही मध्यंतरापूर्वी उत्तर मिळाले. पन्नासाव्या मिनिटास नेव्हिल यांनी तिसरा गोल केला आणि या वेळी उत्तर आले नाही. पुढे किट्टू यांनी चौथा गोल करून सामना ४–२ असा संपवला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नेव्हिल यांचे नाव त्या दिवशी नोंदले गेले. हा विजय योगायोग वाटू नये, यासाठी पुढची एक नोंद पुरेशी आहे: त्याच दौऱ्यात सिडनीला झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७–१ असे हरवले.

उपांत्य सामन्यातील पराभवानंतर कांस्यपदकासाठीच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ०–३ असे हरवले आणि भारत चौथा आला. नेव्हिल यांच्या खात्यावर चार गोल जमा होते. स्पर्धेत त्यांहून अधिक गोल कोणीही केले नाहीत. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह हे दोघे तेवढ्यावरच थांबले. सर्वाधिक गोल करणाऱ्या या तिघांपैकी पदकाविना घरी परतला तो एकच.

स्मरण करावयाचे तर ते अतिशयोक्तीविना केलेले बरे. त्या स्पर्धेत अवघे अकरा संघ होते. पश्चिम युरोपातील व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकची दारे बंद होती. ब्रिटनचा हौशी संघ तर बल्गेरियाकडून ६–१ असा हरून परतला होता. त्यामुळे ‘भारत जगात चौथा’ असे छाती पुढे काढून म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मात्र याच स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या जाळ्यापुढे लेव्ह याशिन उभा होता, आणि युगोस्लाव्हिया, बल्गेरिया हे काही हौशी संघ नव्हते. त्यांच्या देशांत हौशी आणि व्यावसायिक हा भेद केवळ कागदावर होता. दिवसभर कचेरीत बसून संध्याकाळी सरावाला जाणारी आपली माणसे अशा संघांपुढे उभी राहिली, हे साधे सत्यही पुरेसे मोठे आहे.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात जगाच्या दुसऱ्या टोकास आणखी एक तरुण गोल करीत होता. ५ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे मेलबर्नच्या उपांत्य सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, इंग्लंडने वुल्व्हरहॅम्प्टन येथे डेन्मार्कला ५–२ असे हरवले. त्यांतील दोन गोल वीस वर्षांच्या डंकन एडवर्ड्सचे होते. डडली या कोळसा, लोखंड आणि काच यांच्या कारखानदारीच्या गावचा हा मुलगा सोळाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडच्या मुख्य संघात आणि अठराव्या वर्षी इंग्लंडच्या संघात आला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे बर्फाने माखलेल्या धावपट्टीवर संघाचे विमान कोसळले. डंकन पंधरा दिवस मृत्यूशी झुंजला आणि २१ फेब्रुवारीला गेला. वय वर्षे एकवीस. इंग्लंडकडून तो केवळ अठरा सामने खेळला होता.

डडलीने त्याला कसे जपले, हे पाहण्यासारखे आहे. १९६१ मध्ये गावच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचेची चित्रे बसवली गेली. संतांच्या जागी खेळाडूच्या वेशातील एक मुलगा! १९९९ मध्ये भर बाजारपेठेत त्याचा पुतळा उभा राहिला. त्याच्या नावाचा रस्ता झाला आणि २०२२ मध्ये त्याच्याच नावाचे क्रीडासंकुलही उघडले. त्याचे वडील लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. पुढे त्यांनी माळ्याची नोकरी धरली, तीही नेमकी ज्या दफनभूमीत मुलगा विसावला होता तेथे. मुलासाठीच ते तेथे आले, असे लोकांना वाटे. वडील मात्र सांगत, की काम बदलणे भाग होते आणि फुलांची आवड पहिल्यापासूनचीच होती. यातले खरे काय, ते प्रत्येक बापाने आपापल्या मनाला विचारावे.

अकाली मृत्यू माणसाला दंतकथा बनवतो, हे मान्य करावे लागेल. म्युनिकचा अपघात घडला नसता, तर डडलीने इतके केले असते का, हा प्रश्न रास्त आहे. नेव्हिल यांच्या वाट्याला असे काहीच आले नाही. ते खेळले, खेळ थांबला आणि इतर चाकरमान्यांप्रमाणे तेही शहराच्या गर्दीत मिसळून गेले. ८ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मेलबर्नच्या वेळी भारतात दूरचित्रवाणी नव्हती, त्यामुळे त्यांचे ते तीन गोल देशातील सामान्य प्रेक्षकाने पाहिलेच नाहीत. पुढे १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. पी. के. बॅनर्जी, बलराम, थंगराज या त्यांच्या सहकाऱ्यांना तो यथाकाल मिळाला. नेव्हिल यांना तो मिळाला नाही.

पदक असते तर चित्र वेगळे दिसले असते, असे म्हणावे तर खाशाबा जाधवांचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने त्याच हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तरीही अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, निधनानंतर दीड दशक उलटून गेल्यावर. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण पदक मिळवणाऱ्यालाही जेथे इतकी वाट पाहावी लागली, तेथे चौथ्या क्रमांकाची कथा काय सांगावी?

शिवाय ज्या मुंबईने नेव्हिल यांना घडवले, तिचा फुटबॉलही हळूहळू विरत गेला. कॅलटेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक जिंकला होता. आज कंपन्यांचे ते संघ राहिले नाहीत. मफतलालचा संघ गेला, महिंद्रासारखा बलाढ्य संघही २०१० मध्ये बंद झाला, आणि रोव्हर्स स्पर्धा तर शतक ओलांडून नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यावर थांबली. संघ असता, तर त्याच्या कार्यालयात एखादे जुने छायाचित्र राहिले असते, वर्षातून एकदा कोणी जुना खेळाडू येऊन चार गोष्टी सांगून गेला असता. घर मोडले की आजोबांची तसबीर कोणी लावायची, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात फुटबॉलची खरी जिव्हाळ्याची आठवण आज टिकून आहे ती कोल्हापुरात, कारण तेथे संघ कंपन्यांचे नाहीत, तालमींचे आणि पेठांचे आहेत. पेठ काही टाळे लावून बंद करता येत नाही.

तो संघ आठवणारी माणसेही आता उरली नाहीत. पी. के. बॅनर्जी २०२० मध्ये गेले. मेलबर्नच्या संघातील मुंबईचे गोलरक्षक एस. एस. नारायण २०२१ मध्ये, कर्णधार बद्रू बॅनर्जी २०२२ मध्ये आणि बलराम २०२३ मध्ये. २०२४ मध्ये रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कित्येक घरांत त्या संघाविषयी पहिल्यांदाच बोलणे झाले असेल. तोवर त्या घरांना उत्तर देऊ शकणारे जवळजवळ कोणीच मागे नव्हते.

नेव्हिल यांनी मेलबर्न गाजवले, त्या वर्षी भाईंदर म्हणजे खाडी, मिठागरे आणि भोवतालची कोळी-आगरी गावे. आज तेथे लक्षावधी माणसांचे शहर वसले आहे आणि भाईंदर पश्चिमेच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मैदानापासून मीरा रोडच्या भाड्याने मिळणाऱ्या हिरव्या टर्फपर्यंत मुले फुटबॉल खेळताना दिसतात. त्यांच्या पाठीवरची नावे मेस्सीची आणि रोनाल्डोची. त्यात वावगे काही नाही. मुलांचे प्रेम सीमा मानीत नाही, आणि मानूही नये. मात्र याच मुलांपैकी ज्यांचा खेळ बरा असतो, ती कधी ना कधी किटची पिशवी खांद्यावर टाकून लोकलने वांद्र्याला जातात. तेथे मुंबईच्या जिल्हा संघटनेचे सामने ज्या मैदानावर होतात, त्याला काही वर्षांपूर्वी नेव्हिल डिसोझा यांचे नाव देण्यात आले आहे.

नाव दिले गेले, ही फार मोठी गोष्ट झाली. निधनानंतर कित्येक दशकांनी का होईना, शहराने आपला माणूस ओळखला. परंतु मैदानाच्या नावाचे एक वैशिष्ट्य असते. थोड्याच दिवसांत ते पत्त्यासारखे वापरले जाऊ लागते. ‘सामना कुठे आहे?’ ‘नेव्हिलला.’ एवढ्यावर संभाषण संपते. चर्नी रोडचे नाव कशावरून पडले, असे लोकलमधला प्रवासी विचारीत नाही. डडलीत मात्र एखादे मूल काचेतील त्या मुलाकडे बोट दाखवते, तेव्हा शेजारी बसलेली आजी त्याची गोष्ट सांगू शकते, कारण तिच्या आईने ती तिला सांगितलेली असते.

सामना बहुधा सकाळी असतो. घरातून लवकर निघावे लागते. आई डबा देते, वडील किंवा आजोबा सोबत येतात, आणि भाईंदरहून गाडीत बसायला जागा मिळालीच, तर वांद्रे येईपर्यंत हाताशी बराच वेळ असतो. नवव्या मिनिटापासून सुरुवात केली, तर तिसरा गोल अंधेरीच्या आधी होतो.