कानातला पंक्तिभेद

एका कंपनीचे इयरबड दुसऱ्या कंपनीच्या फोनला चालतात का, हा प्रश्न दुकानाच्या गल्ल्यावर विचारावा, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही, असे बहुतेकांना वाटेल. मला ते मान्य नाही. आपल्या विद्यार्थ्यांचे पुष्कळसे ऐकणे आज याच दोन बोंडांतून होते. कवितावाचनाची ध्वनिमुद्रणे, व्याख्याने, श्राव्य पुस्तके हे सारे त्यात आले. अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत तर फोनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या यंत्रणेमुळे हे ऐकणे म्हणजेच वाचन असते. दुसरे कारण असे की या प्रकरणाचे समर्थन आकड्यांपेक्षा शब्दांच्या बळावर चालते, आणि शब्दांची झाडाझडती घेणे हा तर आपला धंदाच आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. 'चालतात का?' या प्रश्नाला दुकानदार 'चालतात की!' असे उत्तर देतो. ते खरे आहे, पण अर्धे. ॲपलचे एअरपॉड्स अँड्रॉइड फोनला जोडले तर गाणे ऐकू येते, फोनवर बोलता येते. आवाज गाळण्याची सोय दांडी दाबून चालू-बंद करता येते. पण बॅटरी किती उरली ते फोन आपणहून दाखवत नाही, आणि बोंड कानातून काढले की गाणे थांबावे, ही सोय मिळत नाही. इयरबडांच्या आतले सॉफ्टवेअर अद्ययावत करायचे तर ॲपलचेच एखादे उपकरण लागते, म्हणजे त्यातला दोष दुरुस्त झाला तरी ती दुरुस्ती आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी शेजाऱ्याचा आयफोन मागून आणावा लागतो. दुसऱ्या बाजूलाही सोवळे कमी नाही. सॅमसंगच्या गॅलॅक्सी बड्स २ प्रोमधले चोवीस बिटांचे ध्वनिसंकेतन सॅमसंगच्याच गॅलॅक्सी फोनशी जुळते. तेच बड्स आयफोनला जोडले तर साधा आवाज येतो, मात्र त्यांच्या सेटिंग बदलण्यासाठी लागणारे ॲप आयफोनसाठी नसते.

मराठीत या वागणुकीला नेमका शब्द आहे : पंक्तिभेद. पान सर्वांना मांडायचे, कोणालाही उपाशी उठवायचे नाही, पण तुपाची धार घरच्यांच्या भातावर आणि परक्यांच्या वाटीला कोरडा भात. तक्रार करावी तर यजमान विचारतो, 'जेवायला वाढले ना?' या शब्दामागे जातिव्यवस्थेतल्या अपमानाचा दीर्घ इतिहास आहे याची जाणीव मला आहे. महागड्या वस्तूच्या ग्राहकाची गैरसोय त्या अपमानाशेजारी नेऊन बसवण्याचा माझा हेतू नाही. पण पंक्तिभेदाची युक्ती, म्हणजे उघड नकार न देता वाढण्यात हात आखडणे, ही मात्र तीच आहे. आणि ती ओळखता यावी इतका अनुभव आपल्या भाषेच्या गाठीशी आहे.

यातली विसंगती ब्लूटूथ या नावातच दडलेली आहे. हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्यावरून आले. येलिंग येथील शिलालेखात हॅराल्डने आपल्या आईवडिलांचे स्मरण करतानाच सारा डेन्मार्क आणि नॉर्वे आपण जिंकल्याचे कोरून ठेवले आहे. १९९७ साली इंटेलचे जिम कार्डाक आणि एरिक्सनचे स्वेन मॅटिसन यांच्या गप्पांत फ्रान्स बेंग्टसन या स्वीडिश लेखकाच्या ऐतिहासिक कादंबरीचा विषय निघाला, त्यातून कार्डाक व्हायकिंगांच्या इतिहासाकडे वळले, आणि विखुरलेल्यांना एकत्र आणणारा म्हणून या राजाचे नाव त्यांनी सुचवले. आज प्रत्येक फोनवर दिसणारे ते चिन्हही राजाच्या नावातील आद्याक्षरांच्या दोन रून-अक्षरांचा जोड आहे. १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, तोशिबा आणि आयबीएम अशा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या पाच कंपन्यांनी या तंत्राचा सामायिक गट जाहीर केला. कोणाचेही यंत्र कोणाच्याही यंत्राशी बोलू शकावे, हा त्याचा हेतू होता. म्हणजे एका कादंबरीच्या गप्पांतून जन्मलेले, एकीकरणाचे नाव धारण करणारे हे मानक आहे. आणि त्याच मानकाच्या छपराखाली आज घरोघरी वेगळ्या चुली पेटल्या आहेत.

'वेगळ्या यंत्रांत फरक राहणारच, त्यात कट कसला?' असे येथे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट खऱ्या तांत्रिक भेदाची. बिनतारी ध्वनी पाठवण्यापूर्वी तो आकसून घ्यावा लागतो, आणि आकसण्याच्या रीती अनेक आहेत. एसबीसी ही सर्वांना सक्तीची, म्हणजे सगळ्यांना समजणारी बाजारबोली. त्यापलीकडे एएसी, क्वालकॉमची ॲप्टएक्स, सोनीची एलडॅक अशा रीती आहेत. जोडणी होताना दोन्ही यंत्रे आपापल्याला काय येते ते एकमेकांना सांगतात आणि दोघांना येणारी रीत निवडतात. आयफोनला एलडॅक येत नाही, म्हणून सोनीचे इयरबड त्याच्याशी एएसीत बोलतात. येथे माझी तक्रार नाही. दोन भाषिकांनी भेटल्यावर तिसरी, दोघांना येणारी भाषा वापरावी, यात अन्याय नाही.

दुसरी गोष्ट अनास्थेची. दुसऱ्या फोनसाठी ॲप लिहिता येते, पण कंपनी लिहीत नाही. हे कद्रूपणाचे आहे, तरी निदान त्यात उघडेपणा आहे.

तिसरी गोष्ट मात्र निराळ्या जातीची. इयरबडाला समोरच्या फोनला सुविधा देता येते, तांत्रिक अडचण नसते, तरीही ते आधी कुळगोत्र विचारते आणि उत्तर ऐकून हात आखडते. २०२५ साली लिब्रपॉड्स नावाच्या मुक्त प्रकल्पाने हे उघडे पाडले. अँड्रॉइड फोनने जोडणीच्या वेळी आपण ॲपलचे असल्याचे सांगितले, की एअरपॉड्स एरवी बंद ठेवलेल्या काही सुविधा खुल्या करतात. फोन तोच, इयरबड तेच. बदलले ते फक्त सांगितलेले नाव. नाव बदलताच वाढले जाणारे तूप 'तांत्रिक मर्यादे'मुळे अडले होते असे कोणी म्हणत असेल, तर त्याने मर्यादा या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा.

आता शब्दांकडे वळू. या साऱ्या व्यवहाराला कंपन्या आणि त्यांचे परीक्षणकार 'इकोसिस्टिम' म्हणतात, आणि मराठी वृत्तपत्रेही तो शब्द निमूटपणे उचलतात. १९३५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी हा शब्द मांडला तो सजीव आणि त्यांचे निर्जीव भोवताल यांच्या परस्परावलंबी व्यवस्थेसाठी. अशा व्यवस्थेला मालक नसतो. तिच्या वेशीवर दरवान नसतो, आणि दुसऱ्या जंगलातून आलेल्या पाखराला झाडे फांदी नाकारत नाहीत. ज्या आवाराला कुंपण आहे, फाटक आहे, आणि कोणाला काय द्यायचे ते एकजण ठरवतो, त्याला मराठीत वाडा म्हणतात. वाडा बांधण्यास माझी हरकत नाही. पण वाड्याला अरण्य म्हणू नये.

दुसरा शब्द 'धैर्य'. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ आणला, त्यात हेडफोन जोडायचे भोक नव्हते. त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स जाहीर झाले. भोक काढून टाकण्याचे कारण कंपनीचे फिल शिलर यांनी व्यासपीठावरून एका शब्दात सांगितले, तो हा शब्द. त्या भोकात जाणाऱ्या साडेतीन मिलिमीटरच्या खुंटीचे घराणे एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्सचेंजांपर्यंत जाते. तिने दीडशे रुपयांच्या हेडफोनला आणि पंधरा हजारांच्या हेडफोनला सारखेच आत घेतले, आणि कोणाला नाव विचारले नाही. इतर कंपन्यांनीही पुढे तेच केले, त्यामुळे हे धैर्य सांसर्गिक होते असे म्हणावे लागते. तारेची गैरसोय गेली हे खरे. पण तारेबरोबर तिची समदृष्टीही गेली, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

आता आक्षेप. 'ज्याला पटत नाही त्याने दुसरे विकत घ्यावे,' हा पहिला. पण निवडीचे स्वातंत्र्य माहितीवर उभे असते. बाहेर खोक्यावर 'ब्लूटूथ' एवढेच ठसठशीत असते. कोणत्या फोनशी काय बंद राहील, हे विकत घेण्यापूर्वी एका जागी सापडत नाही. शिवाय इयरबड एकदा घेतल्यावर पुढचा फोनही त्याच कंपनीचा घेण्याकडे ढकलले जाणे, हाच तर या रचनेचा उद्देश. पहिल्या निवडीने दुसरी निवड संपवायची आणि दोहोंना स्वातंत्र्य म्हणायचे, हे तर्कशास्त्र अजब आहे.

'सामायिक मानक आले की नावीन्य मरते,' हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर देण्यास मराठी माणसाइतका अधिकारी साक्षीदार दुसरा नाही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी या फॉन्टांचे दिवस आठवा. प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. एकात जुळवलेला लेख दुसऱ्यात उघडला की त्याची विचित्र चिन्हांची रास होई. प्रबंध एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना विद्यार्थी फॉन्टही बरोबर वागवत. भारतीय मानक असलेल्या इस्कीच्या आधाराने युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला सामायिक जागा मिळाली. ती प्रत्यक्ष वापरात रुळायला आणखी बरीच वर्षे गेली. त्याने फॉन्ट करणाऱ्यांचे नावीन्य मेले काय? उलट, 'क' कुठे ठेवायचा हे भांडण मिटल्यावर 'क' किती देखणा काढायचा, ही खरी स्पर्धा सुरू झाली. सामायिक मानक स्पर्धेची जागा बदलते. कोंडून ठेवण्यातली स्पर्धा संपते, आणि गुणवत्तेतली उरते. त्या जुन्या फायलींत अडकून पडलेला मराठी मजकूर हा बंद रचनांचा आपण मोजलेला दाम आहे. तो विसरण्याइतके दिवस अजून लोटलेले नाहीत.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. युरोपीय संघाच्या २०२२च्या डिजिटल बाजार कायद्याखाली युरोपीय आयोगाने मार्च २०२५ मध्ये ॲपलला आदेश दिला, की जोडणीच्या ज्या सोयी स्वतःच्या उपकरणांना दिल्या त्या इतरांच्या उपकरणांनाही खुल्या कराव्यात. ॲपलने वापरकर्त्यांच्या खासगीपणाला धोका असल्याचे सांगत त्याविरुद्ध दाद मागितली. खासगीपणाची काळजी सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आलेले संदेश त्रयस्थ उपकरणाला वाचू देताना सावधगिरी हवीच. पण बॅटरी किती उरली हे सांगण्यात कोणाचे गुपित फुटते? सुरक्षिततेचा युक्तिवाद जेथे लागू आहे तेथे तो ऐकावा. जेथे नाही तेथे तो पांघरूण म्हणून वापरला जात आहे, हेही सांगावे.

आणि हा केवळ चैनीच्या वस्तूचा वाद नाही. श्रवणयंत्रांचेच पाहा. फोनचा आवाज थेट श्रवणयंत्रात यावा यासाठी आयफोनची एक रीत झाली, आणि २०१९च्या अँड्रॉइड १०मध्ये गूगलची दुसरी आली. ज्याला कमी ऐकू येते त्याने श्रवणयंत्र निवडताना आपल्या कानाइतकाच फोनचाही विचार करायचा! सर्वांना सामायिक अशी एलई ऑडिओची रीत २०२२ साली पूर्ण झाली, तोवर ही वाटणी रूढ होऊन बसली होती. २०२४च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो २ला श्रवणयंत्रासारखे वापरण्यास मान्यता दिली. ही खरोखर मोठी गोष्ट. पण ती सोय कानाप्रमाणे बसवून घेण्यास ॲपलचाच फोन किंवा टॅबलेट हवा. पुढच्या वर्षी कानात थेट भाषांतर ऐकवण्याची सोय आली, तीही ठरावीक आयफोनांशीच बांधलेली. भाषांतर म्हणजे दोन परक्यांमधला पूल, हे आपण वर्गात शिकवतो. येथे त्या पुलावर पाऊल ठेवण्यापूर्वी खिशातल्या फोनचे नाव पाहिले जाते.

काय करावे? मागणी साधी आहे. बॅटरीची माहिती, सॉफ्टवेअरची दुरुस्ती, आवाज गाळण्याच्या सेटिंग आणि श्रवणसाहाय्य या चार गोष्टी कोणत्याही फोनला मिळाव्यात. केवळ समोरच्याचे नाव पाहून सुविधा बंद करण्यास मनाई असावी. आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनशी काय चालणार नाही, ते खोक्यावर, ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत छापावे. अशक्य म्हणाल तर चार्जरच्या तारेकडे पाहा. २०२३ साली आयफोन १५ला टाइप-सी भोक आले, ते युरोपीय कायद्याच्या धाकाने. आकाश कोसळले नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. महाविद्यालयांच्या हातात तोवरही काही आहे. भाषा प्रयोगशाळेसाठी खरेदी करताना निविदेत एक ओळ घालता येते : विद्यार्थ्याच्या खिशात कोणत्याही कंपनीचा फोन असो, या संचाची प्रत्येक सोय त्यावर चालली पाहिजे. विक्रेता 'चालतात की!' म्हणाला, तर 'काय काय चालते ते लिहून द्या,' असे त्याला सांगावे.