पदर नको, गादी घ्या!

बालमित्रांनो, आई चहाचं पातेलं पदरानं उतरवते ना? पदर नायलॉनचा असेल, तर केवढा धोका! तिला एक छोटी गादी शिवून द्या.

जुन्या सुती साडीचे २० सें.मी.चे सहा चौकोन कापा. वरचा आणि खालचा बोटभर मोठा ठेवा. सगळे एकावर एक ठेवून कडा आत दुमडा. गोधडीसारखा धावदोरा घाला. कोपऱ्याला नाडी लावा.

थरांत अडकलेली हवा उष्णतेला अडवते. पण गादी ओली झाली, की हवेच्या जागी पाणी येतं आणि चटका बसतो. तुमच्या बाईंची बोटं अशीच भाजली होती! म्हणून गादी वाळवूनच वापरा. मग, या रविवारी शिवणार ना?