धाप नेमकी कुणाची?

कोरोना म्हणजे फुप्फुसांचा आजार, हा समज एप्रिल २०२०मध्येच डळमळला. झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयातील डॉक्टरांना रुग्णांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आलेली आढळली. हे अस्तर दुखावले की रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. गुठळी हृदयाच्या धमनीत अडकली तर झटका, मेंदूत अडकली तर पक्षाघात.

आणि आजार ओसरल्यावर?

अमेरिकेतील डॉ. झियाद अल-अली यांच्या चमूने दीड लाखाहून अधिक बाधित माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढच्या वर्षभरात हृदयविकारांचा धोका वाढलेला दिसला, अगदी घरीच बरे झालेल्यांमध्येही. हे सैनिक बहुतांशी उतारवयातले गोरे पुरुष; त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत. पण कोरोनानंतर जिना चढताना नव्याने लागणारी धाप ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देण्याआधी रक्तदाब आणि ईसीजी तपासून घ्यायला हवा.