लस बाळाची, साखर आईची

१४ नोव्हेंबर २०२५ रोजी, जागतिक मधुमेह दिनी, जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणातील मधुमेहाच्या उपचारांविषयी २७ शिफारशी प्रसिद्ध केल्या. केवळ या विषयासाठी अशा सूचना संघटनेने पहिल्यांदाच काढल्या. जगात दर सहा गर्भारपणांपैकी एकात, म्हणजे वर्षाला सुमारे २ कोटी १० लाख स्त्रियांमध्ये, रक्तातली साखर वाढलेली आढळते, असा संघटनेचा अंदाज आहे. आहार, व्यायाम, साखरेची नियमित तपासणी आणि गरजेप्रमाणे औषध असा सूचनांचा रोख आहे.

सूचना चांगल्या आहेत. पण सातारा-सांगलीच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात बसून त्या वाचताना जाणवते की आपली अडचण औषध कोणते द्यावे ही फारशी नाही. योग्य आठवड्यात ती बाई आपल्यासमोर असते का, ही आहे.

आपल्या देशाची स्वतःची नियमावली २०१४ पासून आहे आणि २०१८ मध्ये ती सुधारली गेली. तिच्यातली तपासणी अगदी साधी. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी साखर पाहायची. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातील मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्यानंतर झाली तर चालते. दोन तास बसून राहायचे. मधल्या वेळात बाजार उरकून यायचा नाही. यातली महत्त्वाची सोय अशी, की उपाशीपोटी यावे लागत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत रुजवली. तिच्यावर आक्षेपही आहेत. उपाशीपोटीच्या तपासणीच्या तुलनेत काही रुग्ण हिच्यातून निसटतात, असे आपल्याच देशातल्या काही अभ्यासांत दिसले आहे. आक्षेप खरा आहे. तरीही जतच्या एखाद्या वाडीवरून सकाळची एसटी पकडून आलेल्या बाईला ‘उद्या उपाशीपोटी या’ म्हटले की ती उद्या येत नाही, हेही तितकेच खरे. न झालेल्या अचूक तपासणीपेक्षा झालेली थोडी कमी अचूक तपासणी मला जास्त मोलाची वाटते.

ही तपासणी दोनदा करायची असते: पहिल्या भेटीत एकदा आणि पहिली चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. दोन्हींत निदान चार आठवड्यांचे अंतर हवे. पहिल्या तपासणीत आधीपासूनचा, कुणाला माहीत नसलेला मधुमेह सापडतो. बाळाचे हृदय, मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांत घडतात, म्हणून तो लवकर कळणे महत्त्वाचे. दुसरी तपासणी खरी गरोदरपणातील मधुमेहाची. वार जसजशी वाढते तसतशी तिची संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हे निभावून नेते. काहींचे थकते, आणि ते कळते सहाव्या-सातव्या महिन्यात.

आणि आपल्याकडे सहावा-सातवा महिना म्हणजे बाईने घर बदलण्याचे दिवस. डोहाळजेवण झाले की पहिलटकरीण माहेरी जाते. पाटण, जावळीतली कित्येक कुटुंबे माथाडी कामामुळे नवी मुंबईत स्थिरावली आहेत. नाव तिथे नोंदवलेले, बाळंतपण गावाकडे. विटा, खानापूर, आटपाडीतली गलाई व्यवसायातली माणसे देशभर विखुरली आहेत. तिथून बाळंतपणाला येणाऱ्या लेकीच्या पिशवीत कधी आपल्याला वाचता न येणाऱ्या लिपीतले कागद असतात, कधी कागदच नसतात. दिवाळीच्या सुमारास याच दोन जिल्ह्यांतल्या उसाच्या फडांवर बीडकडून आणि इथल्याच जतमधून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या जोडीतली बाई हंगामात पाच महिन्यांची असेल, तर तिची दुसरी तपासणी करायची कुणी? गावाकडच्या आशाताईंच्या वहीत ती ‘स्थलांतरित’ असते आणि कारखान्याच्या तळावर तिचे नाव कुठेच नसते.

माता-बाल संरक्षण कार्डावर आरसीएच क्रमांक असतो. त्यावरून नोंद कुठेही शोधता यावी, अशी योजना आहे. पण कार्ड सोबत असले आणि समोरच्या माणसाने ते उघडून पाहिले, तरच त्याचा उपयोग. माहेरच्या दवाखान्यात सहसा विचारले जाते, ‘साखर तपासली होती का?’ उत्तर मिळते, ‘व्हय, तपासली की.’ ती तिसऱ्या महिन्यातली, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. गेल्या १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरच्या ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानासारख्या शिबिरांत बोट टोचून पाहिलेल्या साखरेचेही तेच. ग्लुकोज न पाजता पाहिलेली साखर ही या आजाराची तपासणी नव्हे. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी एचबीएवनसी करतात तिच्यावरही गरोदरपणात विसंबता येत नाही. राज्यातल्या निम्म्याच्या आसपास गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि लोहाच्या कमतरतेत हा आकडा उगाच वर सरकतो.

दुसरीकडे काळजीचा डोंगर घेऊन येणाऱ्याही असतात. विश्रामबागेतली किंवा सातारा शहरातली नोकरदार मुलगी घरच्या ग्लुकोमीटरवर दिवसातून सात वेळा बोट टोचते, मोबाइलमध्ये तक्ता ठेवते आणि १२३ आकडा दिसला की रात्रभर झोपत नाही. एकाच आजाराची काळजी किती विषम वाटली गेली आहे! जिला तपासणीच मिळाली नाही ती निर्धास्त, आणि जिची साखर उत्तम आटोक्यात आहे ती हवालदिल.

अशा मुलींसाठी थोडे सविस्तर सांगतो. १४० ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर स्त्रियांचा ‘हापो’ हा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे, की साखर वाढते तसा धोका हळूहळू चढत जातो. अमुक आकड्याला एकदम दरी लागते असे नाही. म्हणजे १३९ आणि १४१ यांत जग बदलत नाही. उपचारात आपण जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत ठेवायला सांगतो, पण एखाद्या दिवशी सणाचे जेवण झाले आणि आकडा १३० आला, तर बाळाला इजा होत नाही. आठवड्याचा कल पाहायचा असतो.

बाळाला होते काय? आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त तयार करते आणि आलेली साखर चरबी म्हणून साठवते, विशेषतः खांदे आणि पोटाभोवती. आपल्याकडे चार किलोच्या बाळाचे कौतुक होते, पण प्रसूतीत डोके बाहेर येऊन खांदे अडकतात तेव्हा ते कौतुक महागात पडते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, बाळाचे इन्सुलिन मात्र जास्तच राहते. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते. म्हणून लगेच अंगावर पाजायचे आणि बाळाची साखर पाहायची. हे सगळे टाळता येण्यासारखे आहे. दहापैकी सात-आठ जणींना आहार आणि चालणे एवढेच पुरते.

आहार म्हणजे उपास नव्हे. काळजीने होणारे नुकसान मी इथेच पाहतो. रिपोर्ट हातात पडला की बाई भात सोडते, दूध सोडते, भाकरी अर्धी करते आणि पुढच्या भेटीत वजन उतरलेले. त्याने आकडा सुधारतो आणि बाळ उपाशी राहते. खरे तर आपल्या ताटात फार बदल लागत नाही. शाळूची किंवा बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, अंडे, ताक हे आहेच. फक्त दोन मोठ्या जेवणांऐवजी तीन लहान जेवणे आणि मध्ये थोडे खाणे. जायला हवे ते वेगळेच: दिवसातले चार गोड चहा, उसाचा रस, आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आणलेले कंदी पेढे आणि तासगावचे मूठभर बेदाणे ‘रक्त वाढतं’ म्हणून. गुळाचे काय, हा प्रश्न तर रोजचा. साखर कारखान्यांच्या मुलुखात गुळाला औषध मानणारे खूप भेटतात. रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. सासूबाईंना हे सांगणे सुनेला सांगण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, म्हणून भेटीला त्यांनाच सोबत बोलवावे.

दोन आठवड्यांत आहाराने साखर आटोक्यात आली नाही तर गोळी किंवा इन्सुलिन. ‘एकदा सुई लागली की कायमची’ ही भीती इतकी खोल आहे की काही जणी इन्सुलिन लिहून दिल्यावर परत येतच नाहीत. बहुतेकींचे इन्सुलिन वार पडल्यावर बंद होते, कारण अडथळा आणणारी संप्रेरके वारेबरोबर निघून गेलेली असतात.

हा आजार आपल्याकडे इतका का? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण लहानखुऱ्या बाळांत चरबीचा वाटा त्या मानाने जास्त होता आणि मांस कमी. ‘सडपातळ तरी मेदयुक्त’ असे हे बाळ पुढे भरल्या घरात वाढले की मधुमेहाकडे झुकते. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्याकडे पाहताना मला हे आठवते. आज पंचविशीत असलेली मुलगी बाजरीच्या कोरडवाहू घरात लहान वजनाची जन्मली. ती मोठी होईपर्यंत टेंभू-म्हैसाळचे पाणी आले, डाळिंब आणि ऊस आला, दारात दुचाकी आली, डोक्यावरचा हंडा गेला. ते चांगलेच झाले. पण तिचे स्वादुपिंड जुन्या हिशेबाने बांधलेले आहे. हा माझा तर्क आहे, या तालुक्यांतला अभ्यास नव्हे. तरी बारीक बांध्याच्या मुलीला ‘तुला कसली साखर’ म्हणून तपासणीतून वगळू नये, एवढे तो सांगतो.

बाळंतपण झाले, साखर उतरली, पेढे वाटले. इथे सगळ्यांची काळजी एकदम संपते आणि मला इथूनच ती जास्त वाटते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सात ते दहा पट असते. म्हणून नियमावलीत सहाव्या आठवड्याला पुन्हा ग्लुकोज देऊन तपासणी सांगितली आहे, या वेळी मात्र उपाशीपोटी. ती करून घेणारी आई विरळा. ती माहेरी असते, सव्वा महिना नुकताच संपलेला असतो, आणि सासर-माहेर दोन्हीकडच्या नोंदींत तिची फाइल बंद झालेली असते. मग ती आम्हाला भेटते ते पुढच्या गर्भारपणात तिसऱ्या महिन्यात, साखर २२० घेऊन. तोवर दुसऱ्या बाळाचे हृदय घडून गेलेले असते.

पण त्याच सहाव्या आठवड्याला ती दवाखान्यात येतेच. दीड महिन्याच्या डोसासाठी. कडेवर बाळ, हातात कार्ड, सोबत आई किंवा आत्या. दोन्ही जिल्ह्यांत लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो, आशाताई घरी जाऊन निरोप देतात आणि बाळाचा डोस चुकवणारी आई क्वचितच सापडते. त्या निरोपात एक वाक्य वाढवता येईल: ‘तुमची साखर वाढली होती ना, मग सकाळी काही न खाता या.’ बाळाला लस दिली की तसेही अर्धा तास थांबवून ठेवतात. आईला दोन तास थांबायला सावलीत बाक, बाळाला पाजायला आडोसा आणि ग्लुकोजची पुडी लागेल. उपकेंद्रात ग्लुकोमीटर आहे; पट्ट्या संपतात, त्या लसीबरोबरच मागवाव्या लागतील. आणि प्रसूतिगृहातून घरी सोडताना बाळाच्या कार्डावर लसीच्या रकान्याशेजारी लाल पेनाने ‘आईची साखर’ एवढे दोन शब्द लिहावे लागतील, म्हणजे ते कार्ड विट्यात उघडले काय किंवा कोपरखैरण्यात, वाचणाऱ्या नर्सला कळेल.